घरातले दप्तर

‘दप्तर’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कुलकर्ण्याचे दप्तर म्हटले, की रुमालात बांधलेले जमिनीचे, वसुलाचे आणि वतनाचे कागद डोळ्यांपुढे येतात. मुलाचे दप्तर म्हटले, की पाटीपुस्तकांची पिशवी आठवते. एकाच शब्दाला हे दोन अर्थ योगायोगाने चिकटलेले नाहीत. लिहिणे हे शतकानुशतके आपल्याकडे काही थोड्या घरांचे काम होते. ज्या घरात कारभाराचे कागद बांधून ठेवण्याची शिस्त होती, त्याच घरात मुलाचे लेखनसाहित्य नीट ठेवण्याची शिस्त आली. ज्या घरात पहिले दप्तर नव्हते, तेथे दुसरे यावयास फार काळ लागला. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. नांदेड आणि लातूर ह्या आपल्या दोन गावांच्या परिसरात मुलांचा अभ्यास घरात कसा चालत असे, त्याची साधने कोणती होती, आणि त्या अभ्यासाने काय साधले व काय साधले नाही, ह्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

घरच्या अभ्यासाला इतिहास असतो काय, अशी शंका कोणी घेईल. इतरत्र कदाचित त्या इतिहासाला फारसे महत्त्व नसेल. मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षणखाते उभे राहिले, छापील क्रमिक पुस्तके निघाली, मराठी शाळांचे जाळे पसरू लागले. तेथे घर हे शाळेच्या पाठीशी उभे होते. मराठवाड्याची गोष्ट निराळी होती. आपला प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८८४च्या सुमारास तेथील कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठरले. विद्यापीठाचे माध्यम जे, त्याच दिशेने खालच्या शाळा वळणार, हे ओघानेच आले. गावच्या प्राथमिक शाळेत थोडे मराठी मिळे. पुढच्या इयत्तांत मुलाला इतिहास, भूगोल आणि गणित उर्दूतून शिकावे लागे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्रजी सोडून एका भारतीय भाषेत विद्यापीठ चालविणे हा उस्मानियाचा प्रयोग आपल्या देशात मोठ्या धाडसाचा होता. शिक्षण देशी भाषेत व्हावे हे त्यामागचे तत्त्व बरोबरच होते. चूक झाली ती भाषेच्या निवडीत. संस्थानातील बहुसंख्य घरांत तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलली जाई. तत्त्व मातृभाषेच्या जवळचे, आणि व्यवहार मात्र मुलाच्या घराला परका, अशी ही विसंगती होती. उर्दूशी आपले वैर असण्याचे काही कारण नव्हते व नाही. दप्तर, दौत, शाई, कागद, कलम, रुमाल हे सगळे शब्द फारसीच्या वाटेनेच मराठीत आले आहेत. लेखनाच्या साऱ्या सामानाची नावे ज्या भाषेकडून आपण आनंदाने घेतली, तिच्या कुळातल्या उर्दूचा द्वेष आपण कसा करणार? तक्रार इतकीच होती, की शाळेच्या उंबरठ्यावर मुलाला घरची भाषा काढून ठेवावी लागे.

मग लोकांनी खाजगी शाळा का काढल्या नाहीत? काढल्या, पण १९२४ साली संस्थानाने खाजगी शाळांसंबंधी नियम केले आणि पूर्वपरवानगीवाचून अशी शाळा चालविणे अशक्य करून टाकले. परवानगीचा अर्ज म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे विलंब. पंतोजीच्या ज्या लहानसहान शाळा एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या सोप्यात चालत, त्यांना हा विलंब सोसणे कठीण होते. अशा वेळी मराठीला हक्काची एकच जागा उरते, आणि ती म्हणजे घर. बापाने आपल्या मुलाला आपल्या ओसरीवर बसवून बाराखडी शिकवावी, ह्याला कोणत्या सरकारची परवानगी लागणार?

ह्या ओसरीवरच्या शाळेचे सामान मोजकेच असे. सगळ्यांत आधी धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटकरीची पूड पसरावयाची, बोटाने वा काडीने अक्षर काढावयाचे, आणि फळी हलवून ते मोडावयाचे. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तेथून आला. चुकलेले अक्षर मागे खूण ठेवीत नसे. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. हात वळला की दगडी पाटी आणि लेखण. त्यानंतर बोरू आणि कागद. बोरूला तिरका काप देऊन टोकाला बारीक चीर पाडणे हे स्वतंत्र कौशल्य होते, आणि ते बहुधा घरातील वडीलधाऱ्या माणसाकडे असे. दिव्याची काजळी धरावयाची, बाभळीचा डिंक भिजवावयाचा आणि दोन्ही पुष्कळ वेळ खलावयाचे, म्हणजे शाई तयार होई. ओल्या अक्षरांवर बारीक वाळू टाकून ती टिपावयाची. कागद महाग होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यासारख्या ठिकाणी हातकागद होत असे, पण मुलाच्या गिरवण्यासाठी कोरा कागद खर्च करणे चैनीचे समजले जाई. म्हणून पाठकोरे कागद जपून ठेवले जात आणि कित्ता त्यांवर गिरवला जाई.

ह्या वस्तूंना घरात ठरलेली जागा असे. भिंतीतल्या कोनाड्यात दौत आणि बोरू, खुंटीला पाटी, आणि फडताळात रुमालात बांधलेली पोथी व पुस्तके. जागा ठरलेली असण्यात नुसत्या टापटिपीचा प्रश्न नव्हता. वस्तू थोड्या आणि मुले अनेक. एकच दौत तीन भावंडांना पुरवावयाची असली, तर ती उचलून पुन्हा जागेवर ठेवणे हा घराचा कायदाच होतो. पाटीला किंवा पुस्तकाला पाय लागला, तर मूल आजही तिला हात लावून नमस्कार करते. त्यात श्रद्धेचा भाग आहे. पण फुटली तर पुन्हा लवकर न मिळणाऱ्या वस्तूबद्दलची काळजीही त्यात आहे, असे आम्हांस वाटते.

दिवसाचीही अशीच वाटणी असे. पहाटे पाठांतर, कारण त्याला दिवा लागत नाही. ऊन वर आले की कित्ता, कारण अक्षर गिरवायला उजेड हवा. दिवेलागणीला परवचा: बाराखड्या, पाढे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे. हे वेळापत्रक कोणी शास्त्रज्ञाने आखलेले नव्हते. रॉकेलाचा व गोडेतेलाचा खर्च आणि सूर्याचा उजेड ह्यांनी ते आखले होते. आजोबा डोळे मिटून पाढे ऐकत, आणि मूल चुकले की नुसता हुंकार देत. स्वयंपाकघरात भाकरी थापणारी आई निरक्षर असली, तरी रोज कानांवर पडणारे पाढे तिलाही येऊ लागत, आणि मुलाची चूक तिच्याही ध्यानात येई.

पाढे म्हणजे केवळ दोन ते तीस नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे हा खरा कस होता. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, अशा मापांच्या जगात पाव, अर्धा व पाऊण ह्यांवाचून बाजारात पाऊल टाकता येत नसे. आपल्या भागात त्यात आणखी एक भर होती. संस्थानाचा रुपया वेगळा होता. त्याला हाली म्हणत, आणि ब्रिटिश रुपयाला कलदार. सहा कलदाराला सुमारे सात हाली असा भाव असे. लातूर ही व्यापाराची पेठ. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट तेथवर आली. एका टोकाला ब्रिटिश मुलखातली बार्शी आणि दुसऱ्या टोकाला हालीतले लातूर, अशी ती गाडी दोन चलनांना जोडीत होती. अशा पेठेत वाढणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाला हालीचे कलदार करणे बोलता बोलता यावे लागे. कालगणनेचेही तसेच. घरात शक, कचेरीत फसली सन, आणि रेल्वेच्या स्टेशनावर इसवी सन. ही सारी विद्या कोणत्याही एका शाळेत मिळणारी नव्हती.

रेल्वेने पुस्तकांचाही प्रश्न सोपा केला. लातुराला बार्शीची वाट होती, तर नांदेडास मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारी लोहमार्गाची वाट होती. पुण्यामुंबईची मराठी पुस्तके आणि मासिके ह्या वाटांनी येऊ शकत. पुस्तक एका घरी आले, की ते त्या घरापुरते राहत नसे.

इथवर ऐकून आपल्यापैकी अनेकांना आपल्या वाडवडिलांचे घर आठवले असेल आणि समाधानही वाटले असेल. पण इतिहासाचा विचार करताना त्या समाधानावर थांबता येत नाही. ही ओसरी कोणाची होती? ती कुलकर्ण्याची होती, देशपांड्याची होती, भिक्षुकाची होती, सावकाराची आणि पेठेतल्या व्यापाऱ्याची होती. ज्याला ओसरीच नव्हती त्याचे काय? महारवाड्यातल्या आणि मांगवाड्यातल्या मुलाला धूळ भरपूर होती. पाटी नव्हती, आणि अक्षर काढून दाखवणारा हातही नव्हता. कुणब्याचे मूल परवच्याच्या वेळी गुरे घेऊन परतत असे. वरच्या जातीच्या घरांतही भावाचे पाढे ऐकून बहिणीला जे येई, त्याला कोणी शिक्षण म्हणत नसे. गरीब मुसलमानाच्या घरीही काही निराळे नव्हते. उर्दू राज्याची भाषा झाली म्हणून खेड्यातल्या पिंजाऱ्याच्या किंवा मण्याराच्या पोराच्या हाती पुस्तक आले असे नाही. १९५१च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. घराने मराठी टिकवली हे खरे. पण घराने विद्या वाटली असे मात्र म्हणता येणार नाही. घर राखून ठेवते. वाटावयाचे तर घराबाहेर यावे लागते.

हे ज्यांच्या ध्यानात आले, त्यांनीच मराठवाड्याचा पुढचा इतिहास घडविला. १९२१ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. हे एक खेडे होते. तेथे मुलांना घरे सोडून येऊन राहावे लागे. स्वामी रामानंद तीर्थ पुढे ह्याच शाळेत शिक्षक म्हणून आले, १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला, आणि नंतर मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, त्यांचे कार्य सुरू झाले. पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारा हा पुरुष शिक्षक म्हणून ह्या भागात आला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ओसरीवर जपलेली भाषा शाळेच्या अंगणात आली, तेव्हाच ती सामाजिक शक्ती झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज उभे राहिले. लातुरास १९६१ साली दयानंद महाविद्यालय निघाले.

ह्याच वर्षांत घरच्या शाळेवर एक मुकाट आघात झाला, तो मात्र फारसा कोणी नोंदविला नाही. १ एप्रिल १९५७पासून दशमान नाणी आली. मागोमाग किलो आणि मीटर आले. शाळांतून मोडी लिपी गेली. हे सर्व योग्यच झाले; व्यवहार सोपा झाला, आणि गरिबाच्या मुलाला हिशेब लवकर कळू लागला. पण आजोबांची औटकी एका रात्रीत निरुपयोगी ठरली. ज्या माणसाने दोन पिढ्यांना घरी शिकविले, त्याच्याजवळ नातवाला शिकविण्यासारखे काही उरले नाही. नातू शाळेतून जे आणी, ते त्याला परके होते. घर शिकविणारे होते, ते अभ्यास करवून घेणारे झाले. आज घरोघरी ‘गृहपाठ झाला का?’ हा जो प्रश्न विचारला जातो, त्याचा उगम ह्या बदलात आहे.

त्यानंतरचा काळ आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढचा आहे. लातुराने अभ्यासाच्या शिस्तीसाठी नाव कमावले. खेड्यांतली मुले येथे खोल्या घेऊन राहू लागली. कित्येक घरांत आईच मुलाबरोबर शहरात येऊन चूल मांडते, म्हणजे अभ्यासासाठी घरच उचलून आणले जाते. १ एप्रिल २०१०पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला. आणि मार्च २०२०मध्ये महामारीने सगळ्या शाळांना कुलपे लागली, तेव्हा इतिहास उलटा फिरल्यासारखे झाले. सगळी शाळा पुन्हा ओसरीवर आली. कोनाड्यातल्या दौतीच्या जागी चार्जिंगला लावलेला मोबाईल आला. एक फोन आणि तीन भावंडे, हे गणित आपल्या पणजोबांच्या दौतीचेच होते. ज्या घरात फोन, वीज आणि विचारावयाला शिकलेले माणूस होते, तेथे मूल तरले. ज्या घरचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेथे १९२४ साल अजून संपलेले नव्हते.

तेव्हा आपल्या हाती असलेले काम कोणते? घरी कोनाडा असावा, त्यात वस्तू जागेवर असाव्यात, दिवेलागणीला मूल अभ्यासाला बसावे आणि मोठ्याने शेजारी बसून ऐकावे, हे आम्ही अवश्य सांगू. ऐकणाऱ्याला विषय येत नसला, तरी ऐकणे व्यर्थ जात नाही. भाकरी थापणाऱ्या त्या आयांनी हे सिद्ध केले आहे. पण तेवढे सांगून आमचे व्याख्यान संपले, तर ते ओसरीवाल्यांनी ओसरीवाल्यांना केलेले भाषण होईल. ह्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी दप्तर आहे. ज्याच्या घरी ते ठेवावयाला खुंटी नाही, असे मूल आपल्याच गल्लीच्या टोकाला राहते. वाचनालयाची एखादी खोली, देवळाची ओवरी, मशिदीचा सोपा, शाळेचा एक वर्ग संध्याकाळी दोन तास उघडा राहिला, तेथे दिवा, चटई आणि ऐकणारे एक माणूस मिळाले, तर त्या मुलालाही परवच्याची वेळ मिळेल. हिप्परग्याच्या मंडळींनी एका खेड्यात, विरोधी राजवटीत, ह्याहून अवघड काम केले होते. आपल्याला तर त्यासाठी कोणाची परवानगीही मागावयाची नाही.