गावातलं वाचनालय नेमकं कुणाचं असतं? जळगाव-धुळ्याच्या उदाहरणांवरून समजून घ्या

सकाळी पेपर वाचायला आलेले आजोबा, दुपारी पोलीस भरती आणि एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं, संध्याकाळी कादंबरी बदलून न्यायला आलेल्या काकू. जळगाव-धुळ्याकडच्या चालत्या वाचनालयात दिवसभरात अशी माणसं येऊन जातात. पण हे वाचनालय चालवतं कोण, असं विचारलं की अनेक जण पटकन सांगतात, 'सरकार'. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे.

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत, ती नोंदणीकृत संस्थांची आहेत. सरकार मान्यता देतं, अनुदान देतं आणि तपासणी करतं. कारभार मात्र संस्थेचा, म्हणजेच सभासदांचा असतो. त्यामुळे वाचनालय चालणार की त्याला कुलूप लागणार, हे बरंचसं गावावर अवलंबून असतं.

खान्देशात वाचनालयं कशी उभी राहिली?

जळगावचं वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं 'व. वा. वाचनालय', १८७७ मध्ये सुरू झालं. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चालायचा. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण बनलं. म्हणजे जळगाव जिल्ह्याचं ठिकाण होण्याच्या २९ वर्षं आधीच तिथे वाचनालय होतं.

धुळ्यात गरुड वाचनालय आहे, चाळीसगावात शेठ नारायण बंकट वाचनालय आहे. अमळनेरला पूज्य साने गुरुजी ग्रंथालय व मोफत वाचनालय आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. याच अमळनेरमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं.

धुळ्यात आणखी दोन संस्था आहेत, पण त्यांचं काम वेगळं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात निधन झालं. त्यानंतर दहा दिवसांच्या आतच, ९ जानेवारी १९२७ ला, त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झालं. त्यांनी जमवलेली कागदपत्रं विखुरली जाऊ नयेत म्हणून गावाने केलेली ही धडपड होती. दुसरी संस्था म्हणजे श्री समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी परंपरेतली हस्तलिखितं तिथे जपली आहेत. वाचनालयातलं पुस्तक घरी नेता येतं. अशा संग्रहातली पोथी जागेवरच पाहायची असते.

'ग्रंथालय व मोफत वाचनालय' असं का लिहितात?

अनेक पाट्यांवर ही जोडी दिसते, कारण त्या दोन वेगळ्या सोयी आहेत.

- ग्रंथालय: वर्गणी आणि अनामत भरून सभासद व्हायचं आणि पुस्तक घरी न्यायचं. सभासदत्व सोडलं की अनामत परत मिळते.
- मोफत वाचनालय: वर्तमानपत्रं आणि मासिकं तिथेच बसून वाचायची. त्यासाठी सभासद असण्याची गरज नाही.

आता यात तिसरी सोय जोडली गेली आहे, ती म्हणजे अभ्यासिका. घरात एकच खोली असलेल्या मुलांसाठी टेबल, खुर्ची, पंखा आणि शांतता मिळणं हीच मोठी गोष्ट असते.

कायदा काय सांगतो?

राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ लागू आहे. त्याखाली ग्रंथालय संचालनालय काम करतं आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रंथालय अधिकारी असतो. अनुदानाचे आणि मान्यतेचे नियम १९७० चे आहेत.

मान्यताप्राप्त वाचनालयांचे जिल्हा, तालुका आणि इतर असे गट असतात. त्यात पुन्हा अ, ब, क, ड असे वर्ग. पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं किती, वाचनालय किती तास उघडं राहतं आणि कर्मचारी किती, यावरून वर्ग ठरतो. खेड्यातली बरीच छोटी वाचनालयं 'क' किंवा 'ड' वर्गात असतात.

तमिळनाडूसारख्या राज्यात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. महाराष्ट्रात असा उपकर नाही. म्हणून इथल्या वाचनालयांची भिस्त राज्याच्या अर्थसंकल्पातून येणाऱ्या अनुदानावर असते.

पैशाचं गणित कसं आहे?

२०१२ नंतर अनुदानाचे दर बरीच वर्षं तेच राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात ६० टक्के वाढ मंजूर केली. त्या वाढीनंतरचे वार्षिक आकडे पाहा:

- जिल्हा 'अ' वर्ग: ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजार रुपये
- इतर 'ड' वर्ग: ३० हजारांवरून ४८ हजार रुपये

४८ हजार म्हणजे महिन्याला ४ हजार. यातला साधारण निम्मा भाग वेतनासाठी असतो. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला २ हजारांच्या आसपास. उरलेल्या २ हजारांत नवी पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, जागेचं भाडं, बांधणी आणि हिशेब तपासणी बसवायची. शिवाय ही रक्कम कमाल मर्यादा असते. खर्चाचा काही भाग संस्थेला वर्गणी आणि देणग्यांतून उभा करावाच लागतो.

कारभार कोण पाहतं?

सभासदांची वार्षिक सर्वसाधारण सभा कार्यकारी मंडळ निवडते. त्यात अध्यक्ष, चिटणीस, कोषाध्यक्ष आणि इतर सदस्य असतात. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि कार्यकारी मंडळ बदललं की तो बदलही कळवावा लागतो.

रोजचं काम मात्र ग्रंथपालाचं. दाखल नोंदवहीत पुस्तक चढवणं, देवघेव करणं, फाटलेली पुस्तकं बांधणीला देणं आणि तपासणीसाठी दप्तर तयार ठेवणं, हे सगळं अनेकदा एकच माणूस करतो. हे कर्मचारी संस्थेचे असल्यामुळे त्यांना सरकारी वेतनश्रेणी लागू नाही. तिची मागणी अनेक वर्षांपासून सुरू आहे.

मग गाडी अडते कुठे?

मे २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी वाचनालय फक्त कागदावर असल्याचं समोर आलं. त्यानंतर नव्या वाचनालयांना मान्यता देणं आणि वर्ग वाढवणं दीर्घकाळ थांबलं. बोगस वाचनालयांवर कारवाई हवीच होती, पण नीट चालणाऱ्या छोट्या वाचनालयांचीही वाट त्यामुळे अडली.

दुसरी अडचण गावातलीच आहे. अभ्यासिका भरलेली असते, पण सर्वसाधारण सभेला मोजकीच माणसं येतात. वर्षानुवर्षं तेच कार्यकारी मंडळ राहतं, तरुण सभासद वाढत नाहीत आणि पुस्तक खरेदीत वाचकांना कुणी विचारत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या इतरांनी लिहून ठेवल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्यांच्या मुलखातल्या वाचनालयात लेवा गणबोली आणि अहिराणीतल्या पुस्तकांसाठी वेगळं कपाट असावं की नाही, हे मुंबईत ठरत नाही. ते गावातच ठरतं.

तुम्ही काय करू शकता?

- जवळच्या वाचनालयाचे रीतसर सभासद व्हा. सभासदसंख्या वर्ग ठरवताना मोजली जाते.
- सर्वसाधारण सभेला जा, वार्षिक अहवाल आणि हिशेब मागा. सभासदाला तो अधिकार आहे.
- हवं असलेलं पुस्तक मागणी वहीत लिहा.
- पुस्तकं द्यायची असतील तर आधी विचारा. जुनी गाईड आणि फाटक्या दिवाळी अंकांनी कपाट भरतं, वाचक वाढत नाहीत.
- वर्तमानपत्राची एखाद्या वर्षाची वर्गणी भरा. 'ड' वर्गाच्या वाचनालयाला तेवढाही मोठा आधार असतो.

थोडक्यात, अनुदान सरकारचं असलं तरी वाचनालय सभासदांचं असतं. आणि सभासद व्हायला एक अर्ज आणि थोडी वर्गणी पुरते.