डकार रॅली, २००८ (रद्द झालेली)

डकार रॅली, २००८ : पोर्तुगालची राजधानी लिस्बन ते सेनेगलची राजधानी डकार अशी ५ ते २० जानेवारी २००८ या काळात होणार असलेली, सुरू होण्याच्या आदल्या दिवशी रद्द केलेली लांब पल्ल्याची मोटार व मोटारसायकल शर्यत. डकार रॅलीचे हे तिसावे वर्ष होते. मॉरिटानियात फ्रेंच पर्यटकांची झालेली हत्या, शर्यतीला आलेल्या थेट धमक्या आणि फ्रान्स सरकारने दिलेला इशारा यांमुळे एमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन (ए.एस.ओ.) या आयोजक संस्थेने ४ जानेवारी २००८ रोजी ती रद्द केल्याचे जाहीर केले. अख्खी रॅली रद्द होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर ही शर्यत आफ्रिकेत परतली नाही. २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेत भरली आणि २०२० पासून सौदी अरेबियात भरते.

शर्यतीचे स्वरूप : डकार ही डांबरी रस्त्यावरची शर्यत नाही. वाळूच्या टेकड्या, खडकाळ माळ, कोरड्या नद्यांची पात्रे आणि मिठागरे यांतून रोज काहीशे किलोमीटरचा एक टप्पा पार करायचा, असे दोन आठवडे चालते. मोटारसायकल, मोटार आणि ट्रक असे प्रमुख गट असतात. टप्प्याचा जो भाग घड्याळ लावून मोजला जातो तो ‘स्पेशल’. त्याच्या आधीचे व नंतरचे साध्या रस्त्यावरचे अंतर म्हणजे ‘लिएझाँ’. २००८ सालची रॅली पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, पश्चिम सहारा आणि मॉरिटानियामार्गे सेनेगलला पोचणार होती. एकूण अंतर नऊ हजार किलोमीटरहून अधिक होते. साडेपाचशेच्या आसपास स्पर्धक नावे नोंदवून लिस्बनला आले होते.

वाट शोधण्याचे साधन म्हणजे आयोजकांनी दिलेले ‘रोडबुक’. त्या काळात मोटारसायकलस्वारांसाठी ती कागदाची लांब गुंडाळी असे. आदल्या संध्याकाळी ती हातात पडली की स्वार तंबूत बसून रंगीत पेनांनी तिच्यावर खुणा करीत: खड्डा एका रंगाने, वळण दुसऱ्याने, जिवावर बेतेल अशी जागा लाल रंगाने. सकाळी ती हँडलवरच्या डबीत बसवली जाई आणि गाडी पळत असताना अंगठ्याने बटण दाबून इंचाइंचाने पुढे सरकवली जाई. कोणत्या किलोमीटरवर उतार आहे आणि कुठे वाट दुभंगते, हे सगळे त्या गुंडाळीत असे. समोरून कोण येईल, हे मात्र तिच्यात लिहिता येत नसे.

रोजचा टप्पा जिथे संपतो तो तळ म्हणजे ‘बिव्हुआक’. तिथे विमाने उतरतात, भटारखाना लागतो, मेकॅनिक रात्रभर जनित्राच्या उजेडात इंजिने उघडून बसतात. हे सारे चालू असताना शर्यतीचे शेपूट अजून वाटेतच असते. पुढचा स्वार दुपारी तळावर पोचलेला असतो, तर वाळूत रुतलेला मागचा ट्रक पहाटे येतो. म्हणजे एकाच वेळी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात माणसे एकेकटी विखुरलेली असतात. मार्ग आधीच ठरलेला असतो आणि मुक्कामाची गावे जाहीर झालेली असतात. बंदिस्त मैदानाभोवती पहारा बसवता येतो, अशा रांगेभोवती बसवता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने या खेळाची मूळ अडचण हीच आहे.

पूर्वेतिहास : १९७७ मध्ये आबिजाँ–नीस शर्यतीत भाग घेतलेला थिएरी साबिन हा फ्रेंच मोटारसायकलस्वार लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला आणि कसाबसा वाचला. त्या अनुभवातून त्याने पॅरिस–डकार शर्यतीची कल्पना मांडली. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या ट्रोकादेरो चौकातून १८२ वाहने निघाली आणि त्यांतली ७४ डकारला पोचली. जानेवारी १९८६ मध्ये मालीत हेलिकॉप्टर कोसळून साबिनचा मृत्यू झाला. त्या अपघातात लोकप्रिय गायक दानिएल बालाव्हॉयन याच्यासह आणखी चौघे मरण पावले. त्यानंतरही शर्यत चालूच राहिली. पुढे ती ए.एस.ओ. या संस्थेकडे आली. ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यतही हीच संस्था भरवते.

सहारातला राजकीय धोका या शर्यतीला नवा नव्हता. १९९१ मध्ये मालीत एका साहाय्यक ट्रकचा चालक गोळीबारात ठार झाला. १९९६ मध्ये मोरोक्को–मॉरिटानिया सीमेजवळ एक ट्रक भूसुरुंगावर गेला आणि आतल्या स्पर्धकाचा जीव गेला. १९९९ मध्ये मॉरिटानियात सशस्त्र लुटारूंनी जवळपास पन्नास जणांना अडवून लुटले. २००१ मध्ये पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीने आपल्या परवानगीविना शर्यत या प्रदेशातून जात असल्याबद्दल मोरोक्कोबरोबरची युद्धबंदी मोडण्याचा इशारा दिला.

अशा वेळी आयोजकांचे उत्तर ठरलेले होते: वळसा घालायचा. त्याचा सर्वांत अचाट नमुना २००० सालचा. त्या वर्षी शर्यत डकारहून कैरोला चालली होती. नायजरमध्ये हल्ला होणार असल्याची खबर लागताच संचालक यूबेर ऑरिओल यांनी चार टप्पे रद्द केले. अजस्र अँटोनॉव्ह मालवाहू विमाने मागवून माणसे, मोटारी आणि ट्रक यांसकट सगळी शर्यत नायजरची राजधानी नियामेहून उचलली आणि लिबियातल्या सबा येथे उतरवली. पाच दिवस थांबलेली रॅली पुढे चालू झाली आणि कैरोपर्यंत पोचली. २००४ मध्ये मालीतले दोन टप्पे गाळले गेले. २००७ मध्ये मालीतल्या टिंबक्टूला जाणारा भाग वगळून मार्ग मॉरिटानियातच ठेवला गेला.

प्रत्येक वळशाने शर्यत वाचली, पण तिची जागा आखडत गेली. यादवी युद्धामुळे अल्जीरिया १९९० च्या दशकातच सुटला होता. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यामधली सीमा १९९४ पासून बंद होती. नायजर, माली हेही एकेक करून वजा झाले. उरली ती अटलांटिकच्या बाजूची मोरोक्को–मॉरिटानिया–सेनेगल अशी एकच पट्टी. लिस्बनहून निघून जमिनीने डकारला जायचे तर मॉरिटानिया ओलांडण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. २००८ च्या पंधरा टप्प्यांपैकी आठ याच देशात होते. वाळूच्या उंच टेकड्या आणि वाट शोधण्याची खरी परीक्षाही तिथेच होती.

घटनाक्रम : २४ डिसेंबर २००७ रोजी मॉरिटानियाच्या दक्षिण भागातील अलेग या गावाजवळ रस्त्याकडेला थांबलेल्या पाच फ्रेंच पर्यटकांवर बंदूकधाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. चौघे जागीच ठार झाले आणि एक जण जखमी अवस्थेत वाचला. संशयाची सुई ‘इस्लामी मगरिबमधील अल्-कायदा’ या संघटनेशी संबंधित तरुणांकडे वळली. ही संघटना म्हणजे अल्जीरियातला एक जुना सशस्त्र गट. त्याने २००७ च्या आरंभी अल्-कायदाचे नाव धारण केले होते. अलेगच्या घटनेला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच देशाच्या उत्तरेकडे गल्लाविया येथे लष्करी तुकडीवर हल्ला होऊन जवान मारले गेले.

आरंभी आयोजकांचा सूर शर्यत होणारच असा होता. मॉरिटानियाच्या सरकारने मार्गावर सुमारे तीन हजार सुरक्षा कर्मचारी ठेवण्याची तयारी दाखवली. फ्रान्सच्या परराष्ट्र खात्याने मात्र आपल्या नागरिकांनी मॉरिटानियात जाऊ नये, असा सल्ला कायम ठेवला. हा सल्ला होता, मनाई हुकूम नव्हता. पण आयोजक संस्था फ्रेंच, स्पर्धकांत व पथकांत फ्रेंचांचा भरणा मोठा आणि मारले गेलेले पर्यटकही फ्रेंच. शर्यत न्यायची तर पुढच्या प्रत्येक जिवाची जबाबदारी एकट्या आयोजकांच्या माथी येणार होती.

४ जानेवारीला लिस्बनमध्ये वाहनांची तांत्रिक तपासणी जवळपास उरकली होती. अंगावर क्रमांक चिकटवलेल्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा पडायचा होता. त्या दुपारी संचालक एतिएन लाव्हीन्य यांनी स्पर्धकांना शर्यत रद्द केल्याचा निर्णय सांगितला. फ्रान्स सरकारची ठाम शिफारस आणि दहशतवादी गटांनी खुद्द शर्यतीला दिलेल्या धमक्या, अशी दोन कारणे संस्थेने दिली.

फक्त मॉरिटानिया वगळून शर्यत घेता आली नसती का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आठ टप्पे काढले तर स्पर्धेचा गाभाच जातो. २००० सालासारखी विमाने आणायची तर एवढ्या मोठ्या ताफ्यासाठी ती ऐन वेळी मिळवणे अवघड होते. शिवाय वाळवंटातली मुख्य कसोटी टाळून नुसते डकार गाठण्यात काही अर्थ उरत नव्हता. आजवर ज्या प्रदेशाकडे वळसा घेतला, तोच या वेळी धोक्यात होता.

परिणाम व प्रतिक्रिया : नोंदणीचे पैसे परत देण्याचे संस्थेने जाहीर केले. तरी गाड्या बांधणे, वाहतूक, सराव आणि वर्षभराची रजा यांवर झालेला खर्च त्यात भरून येणारा नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या पथकांना ते सोसण्यासारखे होते. स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करीत धावणाऱ्या, कर्ज काढून आलेल्या हौशी स्पर्धकांना फटका अधिक बसला. मुख्य प्रायोजक आणि यजमान पोर्तुगाल यांच्या दृष्टीनेही तो मोठा तोटा होता.

मॉरिटानियाच्या सरकारने रद्द करण्याजोगे कारण घडले नसल्याचे सांगून नाराजी व्यक्त केली. त्यामागे आर्थिक चिंता होती. २००७ मध्येच तिथे बहुपक्षीय निवडणुकीने नवे अध्यक्ष आले होते. अतार आणि शिंगेट्टी या वाळवंटी गावांकडे युरोपातून हिवाळी पर्यटक येऊ लागले होते. तळाला पाणी, मांस आणि इंधन पुरवणारे, वाटाडे आणि खाणावळवाले यांची कमाई त्या मोसमावर अवलंबून होती. सेनेगलमध्ये शेवटच्या टप्प्याचे ठिकाण असलेल्या गुलाबी पाण्याच्या रोझ सरोवराकाठच्या विक्रेत्यांचीही तीच स्थिती झाली.

निर्णयावर दोन मते पडली. एका बाजूचे म्हणणे असे की, हत्यारबंद गटाला धमकीचे पत्रकच पुरेसे असते, हे या निर्णयाने दाखवून दिले. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की, खेळात स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क स्वाराला आहे, पण दुसऱ्याचा जीव पणाला लावण्याचा हक्क आयोजकाला नाही. पुढच्या घटनांनी धोका काल्पनिक नसल्याचे दिसले. फेब्रुवारी २००८ मध्ये मॉरिटानियाची राजधानी नुआकशॉट येथील इस्रायली दूतावासावर गोळीबार झाला. ऑगस्टमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली. सप्टेंबरमध्ये उत्तर भागात एका गस्ती तुकडीतील बारा जणांची हत्या झाली. अलेगच्या गुन्ह्यातील प्रमुख संशयित जानेवारी २००८ मध्येच गिनी-बिसाऊत पकडले गेले होते. २०१० मध्ये मॉरिटानियाच्या न्यायालयाने तिघांना देहदंड सुनावला.

आफ्रिकेनंतर : त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हंगेरी आणि रुमानियात ‘सेंट्रल युरोप रॅली’ भरवून संस्थेने स्पर्धकांना पर्यायी शर्यत दिली. ३ ते १८ जानेवारी २००९ या काळात डकार रॅली अर्जेंटिना व चिलीत झाली. ब्वेनोस आयरेसहून निघून अँडीज पर्वत आणि आताकामा वाळवंटातून ती पुन्हा तिथेच संपली. मोटार गटात दक्षिण आफ्रिकेचा जिनिएल द व्हिलिअर्स, तर मोटारसायकल गटात स्पेनचा मार्क कोमा विजयी झाला. २०१९ पर्यंत रॅली त्याच खंडात राहिली.

सौदी अरेबियातही सुरक्षेचा प्रश्न सुटला नाही. ३० डिसेंबर २०२१ रोजी जेद्दा येथे स्पर्धेच्या आधी एका फ्रेंच पथकाच्या गाडीखाली स्फोट होऊन चालकाच्या पायांना गंभीर इजा झाली. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने दहशतवादाच्या अंगाने चौकशी सुरू केली. शर्यत रद्द करण्याचा विचार व्हायला हवा होता, असे फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी बोलूनही दाखवले. तरी २०२२ ची रॅली वाढीव बंदोबस्तात पूर्ण झाली. या वेळी पहारा देणारे राज्य बळकट व संपन्न होते आणि सारा मार्ग एकाच देशात होता. २००८ शी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

भारतीय स्पर्धकांचा डकारशी संबंध मुख्यतः या स्थलांतरानंतरचा आहे. बंगळूरचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेत ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये सौदी अरेबियात जुन्या गाड्यांच्या ‘डकार क्लासिक’ गटात मोटार चालवली. यांपैकी कोणाचीही शर्यत डकार शहरात संपली नाही.

मूळ वाटेवर मात्र दुसरी शर्यत उभी राहिली. मोटारसायकल व मोटार या दोन्ही गटांत डकार जिंकणारे पहिले स्पर्धक यूबेर ऑरिओल यांच्या पुढाकाराने ‘आफ्रिका इको रेस’ सुरू झाली. २००० साली विमानांनी शर्यत उचलून नेणारे हेच ते संचालक. ताफा लहान, प्रसिद्धी बेताची. पण ती मोरोक्को आणि मॉरिटानिया ओलांडते आणि रोझ सरोवराच्या काठी संपते.