विषारी गोगलगाईचा सागरी प्रवास

कवच नाही, आकार हाताच्या बोटाएवढा, रंग राखाडी आणि अंगावर तपकिरी जाळी. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील 'प्लूरोब्रँकिया मॅक्युलाटा' ही समुद्री गोगलगाय दिसायला अगदीच निरुपद्रवी. मात्र हाच जीव आता हजारो किलोमीटर दूर, दक्षिण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्थिरावला असून सागरी जीवशास्त्रज्ञांच्या चिंतेचा विषय ठरला आहे.

कुत्र्यांच्या मृत्यूमुळे उलगडा

२००९ च्या हिवाळ्यात न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या किनाऱ्यांवर काही पाळीव कुत्री अचानक दगावली. तपासात वाळूवर वाहून आलेल्या या गोगलगाईत 'टेट्रोडोटॉक्सिन' हे विष आढळले. कोकणात केंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पफर माशांच्या कुळात आढळणारे हेच ते विष. ते मज्जातंतूंचे कार्य रोखते आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. त्यावर उतारा उपलब्ध नाही.

अर्जेंटिनात शिरकाव

योगायोग असा, की त्याच वर्षी अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे ही प्रजाती प्रथम सापडली. पुढील काही वर्षांतच ती दक्षिणेला पॅटागोनियाच्या आखातांपर्यंत पोहोचली. तेथील गोगलगाईंमध्येही हे विष असल्याचे संशोधनातून स्पष्ट झाले. ही गोगलगाय मांसाहारी व खादाड असून समुद्रफुले, अन्य लहान सागरी जीव आणि मृत प्राणीही फस्त करते. प्रसंगी स्वजातीयांनाही सोडत नाही. तिला खाणाऱ्या स्थानिक प्राण्यांना मात्र या विषाची सवय नाही.

प्रसार कसा होतो?

अंड्यांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या प्रारंभी पाण्यात तरंगत राहतात. जहाजे समतोलासाठी टाक्यांत भरतात ते 'बॅलास्ट' पाणी व जहाजाच्या तळाला चिकटणारे जीव, हे अशा स्थलांतराचे प्रमुख मार्ग मानले जातात. न्यूझीलंडचीच 'फिलिन' ही दुसरी गोगलगाय १९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उपसागरात आढळली होती. लहान शिंपले हे तिचे भक्ष्य.

मुंबईशी संबंध

हा प्रश्न मुंबईलाही परका नाही. बॅलास्ट पाण्याच्या व्यवस्थापनासाठी २००० ते २००४ या काळात राबविलेल्या 'ग्लोबॅलास्ट' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात जगातील सहा बंदरे निवडली गेली, त्यात मुंबईचा समावेश होता. याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला. अंमलात यायला मात्र सप्टेंबर २०१७ उजाडले. परका जीव समुद्रात एकदा रुजला, की त्याचे उच्चाटन जवळपास अशक्य असते. त्यामुळे जहाजातील पाणी समुद्रात सोडण्यापूर्वीच त्यावर प्रक्रिया करणे, हाच खात्रीचा उपाय ठरतो.