आधी दुर्बीण, मग औषध

बदलापूर गावात ‘टाटाला जावं लागतंय’ एवढं म्हटलं की समोरचा पुढचं काही विचारत नाही. रिक्षाने स्टेशन, लोकलने दादर किंवा परळ, आणि मग १९४१ पासून उभं असलेलं ते टाटा मेमोरियल. त्यात लिव्हरचा कॅन्सर असेल तर घरच्यांना एक प्रश्न हमखास पडतो. आमच्याकडेही काकांच्या वेळी पडला होता. गाठ लिव्हरमध्ये, मग दुर्बीण घशात कशाला?

बरं, प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर जरा जुनं आहे.

हा कॅन्सर बहुतेक वेळा धडधाकट लिव्हरमध्ये होत नाही. आधी हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर साठलेली चरबी यांनी लिव्हर वर्षानुवर्षं खराब होऊन कडक झालेलं असतं. हाच सिरॉसिस. आतड्यांकडचं रक्त पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये यायचं असतं, ते तिथे तुंबतं. उल्हास नदी फुगली की ओढ्यांचं पाणी उलटं गावात शिरतं ना, तसंच. (२६ जुलै २००५ ज्यांनी इथे काढली त्यांना जास्त सांगायला नको.) तुंबलेलं रक्त आडवाटेने अन्ननलिकेच्या टोकाच्या बारीक नसांत शिरतं आणि त्या फुगतात. गाठ वाढून पोर्टल व्हेनमध्येच घुसली तर दाब आणखी वाढतो. एखादी नस फुटली की रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी शी. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हरच बनवतं, त्यामुळे तेही धड गोठत नाही. म्हणजे माणूस कॅन्सरचा, पण जीव जायचा तो नस फुटून.

या नसांशी डॉक्टरांची झटापट बरीच जुनी. १९३९ मध्ये स्वीडनच्या क्राफोर्ड आणि फ्रेंकनर यांनी ताठ नळी घशातून घालून त्या नसांत क्विनाईनचं इंजेक्शन दिलं. हो, मलेरियावालंच क्विनाईन! १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंग्स्टाकेन आणि ब्लेकमोर यांनी फुगे लावलेली रबरी नळी आणली. ती आत सरकवायची, फुगे फुगवायचे आणि नसा दाबून धरायच्या. वाचतानाच घसा दुखतो. रक्त थांबायचं, पण फुगा सोडला की पुष्कळदा परत सुरू. तरी दुसरा इलाज हाताशी नसेल तेव्हा ही नळी अजूनही वापरतात.

पुढे १९८० च्या सुमारास फ्रान्समध्ये लेब्रेक यांनी दाखवलं की ब्लडप्रेशरची साधी प्रोप्रॅनोलॉलची गोळी या नसांतला दाबही उतरवते. त्याच दशकात अमेरिकेत स्टीगमन यांनी दुर्बिणीतून नसेला रबरी बँड लावायला सुरुवात केली. कल्पना उचलली होती मूळव्याधीच्या इलाजावरून.

इथवर सगळं सिरॉसिसचं. कॅन्सरच्या औषधांनी हाच प्रश्न नव्याने उभा केला. २००७ मध्ये अमेरिकेत लिव्हरच्या कॅन्सरसाठी सोराफेनिब मंजूर झालं. आपल्याकडे बायरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च होता सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटकोला सक्तीचा परवाना दिला. भारतातला असा पहिलाच. तेच औषध ९ हजारांच्या आत आलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला. मला हा निकाल फार मोठा वाटतो, आपल्याकडे त्याची हवी तेवढी चर्चा झालीच नाही. असो.

ही औषधं गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटू देत नाहीत. पण त्यानेच रक्तस्रावाची भीतीही वाढते. २०२० मध्ये ॲटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी सोराफेनिबपेक्षा सरस ठरली. वर्षभर जगणारे रुग्ण ६७ टक्के, सोराफेनिबवर ५५. पण पोटात वरच्या बाजूला रक्तस्राव मात्र ७ टक्क्यांना, सोराफेनिबवर साडेचार. आणि हा आकडा कधीचा? तर औषध द्यायच्या आधी सहा महिन्यांत प्रत्येकाची दुर्बीण झालेली, धोक्याच्या नसांवर इलाज झालेला, लिव्हर त्यातल्या त्यात बरं असलेलेच रुग्ण घेतलेले, तेव्हाचा. घशातल्या दुर्बिणीचं उत्तर हे.

काकांचं औषध महिनाभर लांबलं तेव्हा घरात चिडचिड झाली होती. दोनदा बँड लावले, नसा बसल्या, मग सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं की अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही. शी काळी दिसली तर थांबायचं नाही. (लोहाच्या गोळीनेही काळी होते, म्हणून ती चालू असेल तर आधी सांगून ठेवायचं.) आणि रात्री उलटीत रक्त आलं तर परळची वाट धरायची नाही. रक्त आणि दुर्बीण दोन्ही मिळेल असं जवळचं हॉस्पिटल आधीच बघून ठेवायचं. काकूंनी त्याचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे, ब्लड ग्रुपसकट.