तळटीप : बागेतला ताग आणि मुळांतली बुरशी

१४. 'मुळांची बुरशी' म्हणजे मूळकुज नव्हे. इथे मायकोरायझा अभिप्रेत आहे. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ साली दिले. फळझाडांच्या ओळींमध्ये पेरलेल्या ताग, चवळी, धैंचा यांच्या मुळांत ती शिरते. तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद आणून देतात, बदल्यात पिकाकडून साखर घेतात. घोडेगावच्या शिवारात, जिथे काळ्या जमिनीत चुनखडी आहे, तिथे हे विशेष लागू पडते. टाकलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला मिळेनासा होतो. नत्र बांधणाऱ्या गाठींना स्फुरद भरपूर लागतो, म्हणून बुरशी नसेल तर तागाच्या गाठीही रोडावतात. (गाठी रायझोबियम या जिवाणूच्या. दुकानात दोन्ही पुड्या शेजारी असतात, म्हणून हा खुलासा.) लेखक बुरशीची पुडी आणि सुपर फॉस्फेटचा पूर्ण डोस एकाच दमात सुचवतात, ते मात्र पटत नाही : स्फुरद आयता मिळाला की पीक बुरशीला फारसा थारा देत नाही. वारंवार रोटाव्हेटर फिरवल्यानेही तंतूंचे जाळे तुटते. घोडेगावचा बाजार ज्यासाठी प्रसिद्ध, त्या कांद्याला मुळे तोकडी आणि केशमुळे थोडी. त्यालाही याच बुरशीचा मोठा आधार असतो. कोबी, मोहरी मात्र तिला जवळ करत नाहीत.