एकच कागद

वह्यांच्या गठ्ठ्यांतून एकच पान उचलावयाचें असलें कीं आपण सहज बोट ओलें करितों. हें काम इतकें क्षुल्लक वाटतें कीं त्यालाहि इतिहास असेल असें मनांत येत नाहीं. मुद्रणयंत्राला मात्र हीच गोष्ट साधावयास फार काळ लागला.

गुटेनबर्गनंतर सुमारें साडेतीनशें वर्षें हातदाबावर दोन माणसें खपत, तेव्हां तासाला दोनअडीचशें कागद एका बाजूनें छापून होत. २९ नोव्हेंबर १८१४ रोजीं लंडनचा 'टाइम्स' फ्रीड्रिख केनिगच्या वाफेच्या यंत्रावर निघाला आणि ही संख्या एकदम ११०० वर गेली. पोटावर पाय येईल या भयानें कामगार यंत्र फोडतील, अशी मालकास धास्ती होती. म्हणून यंत्र गुप्तपणें उभारलें गेलें, आणि दंगा न केल्यास दुसरें काम मिळेपर्यंत वेतन देण्याचें वचन त्यानें दिलें. पण दाब देणारा हात सुटला तरी कागद लावणारा हात सुटला नाहीं. प्रत्येक कागद माणूसच यंत्राच्या तोंडीं देत असे; यंत्राचा वेग त्याच्या बोटांशीं बांधलेला राहिला.

वर्तमानपत्रांनीं ही अडचण टाळली ती गुंडाळीच्या अखंड कागदानें. अमेरिकेंत विल्यम बुलक यानें १८६३ सालीं तसलें यंत्र सिद्ध केलें. १८६७ सालीं त्याच यंत्रांत पाय सांपडून त्याचा अंत झाला. सुट्या कागदासाठीं पुढें वाऱ्याची युक्ति निघाली. फुंकर घालून वरचे कागद सैल करावयाचे आणि पोकळ नळ्यांनीं शोषून एकच उचलावयाचा.

चूकहि कधीं उपकारक ठरते. १९०४ च्या सुमारास आयरा रूबेल या अमेरिकन मुद्रकाच्या यंत्रांत एक कागद लावावयाचा राहिला. ठसा दाबाच्या रबरावर उमटला, आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर तो मूळ छापाहून स्वच्छ उठला. यांतूनच त्यानें ऑफसेटचें यंत्र बनविलें.

आजच्या लहान यंत्रांत रबरी रूळ बोटाचें काम करितो आणि खरखरीत पट्टी खालचा कागद मागें रोखते. वाटेंत एक चिमुकला दांडा असतो. कागदानें तो हलला कीं प्रकाशकिरणाची वाट उघडते किंवा बंद होते. ठरल्या वेळीं ही खूण न मिळाल्यास यंत्र आपण होऊन थांबतें.

यंत्राला बळ आलें तें १८१४ सालीं. स्पर्श यावयास आणखी कित्येक दशकें लागलीं. मधल्या काळांत तो स्पर्श ज्या हातांनीं पुरविला, त्यांचीं नांवें त्यांनीं लावलेल्या लाखों कागदांवर कोठेंहि छापलेलीं नाहींत.