लोकशाही तूट (युरोपीय संघ)

लोकशाही तूट : युरोपीय संघाचे कायदे नागरिकांवर बंधनकारक असतात, पण ते करणाऱ्यांना नागरिक मतपेटीतून घरी पाठवू शकतात का, या शंकेचे रूढ नाव. ब्रिटिश अभ्यासक आणि मजूर पक्षाचे माजी खासदार डेव्हिड मार्क्वँड यांच्या 1979 मधील लेखनामुळे ही संज्ञा प्रचारात आली.

रचना : कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळजवळ सर्वस्वी युरोपीय आयोगाकडे आहे. आयुक्तांची नावे सदस्य सरकारे सुचवतात. थेट निवडून येणारी युरोपीय संसद विधेयकात दुरुस्त्या करते, ते फेटाळू शकते. स्वतःहून मांडू मात्र शकत नाही. जागावाटपही विषम आहे : 720 जागांपैकी सव्वाआठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या जर्मनीला 96, तर पाच लाखांहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या माल्टाला 6. जर्मन घटना न्यायालयाने 2009 च्या लिस्बन निकालात याच विषमतेवर बोट ठेवले.

तरीही संसद दुबळी राहिलेली नाही. तिच्या दबावामुळे 1999 मध्ये झाक सांतेर यांच्या अख्ख्या आयोगाला राजीनामा द्यावा लागला. कोडे वेगळेच आहे : प्रत्येक करारागणिक संसदेचे अधिकार वाढले, तर मतदान 1979 मधील सुमारे 62 टक्क्यांवरून 2014 मध्ये 43 टक्क्यांच्या आत घसरले.

वृत्तपत्रीय वाद : ब्रिटनमध्ये ‘न निवडलेले नोकरशहा’ हा स्तंभलेखकांचा ठरलेला हल्ला. 1989 पासून ‘डेली टेलिग्राफ’चे ब्रुसेल्स वार्ताहर असलेले बोरिस जॉन्सन तेथील नियमांची टर उडवत नावारूपाला आले. फेब्रुवारी 2016 मध्ये त्याच पत्रातील स्तंभात त्यांनी संघ सोडण्याचा पुरस्कार केला. 23 जूनला 51.9 टक्के मतदारांनी तसाच कौल दिला.

जर्मनीतला वाद अधिक खोल गेला. समाईक भाषा, माध्यमे आणि पक्ष नसताना केवळ संसदेला बळ देऊन भागणार नाही, असे न्यायविद डीटर ग्रिम यांनी 1995 मध्ये मांडले. तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांचे उत्तर उलटे होते : संस्था आणि चर्चा यांतूनच समाईक जनमत घडते. इराक युद्धानंतर, 31 मे 2003 रोजी, हाबरमास आणि फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांचा संयुक्त लेख ‘फ्रँकफुर्टर आल्गेमाइने’ व ‘लिबेरासियाँ’ यांत आला; त्याच दिवशी इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी ‘ला रेपुब्लिका’त लिहिले. एकच चर्चा अनेक देशांच्या पानांवर एकाच वेळी घडवण्याचा हा प्रयत्न होता. त्यातल्या ‘गाभ्याच्या युरोपा’त, म्हणजे पुढाकार घेणाऱ्या मोजक्या देशांच्या गटात, आपल्याला जागा कुठे, असे पूर्वेकडच्या लेखकांनी विचारले.

प्रतिवाद : राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू मोराव्चिक यांच्या मते तूट अतिरंजित आहे. निर्णय घेणारी सरकारे निवडून आलेलीच असतात आणि संघाचे बरेच काम मध्यवर्ती बँका किंवा न्यायालयांसारखे, देशांतही निवडणुकीबाहेरच ठेवले जाणारे असते. जर्मन राज्यशास्त्रज्ञ फ्रिट्झ शार्फ यांनी लोकसंमतीतून येणारी आणि कामगिरीतून येणारी अशी वैधतेची दोन रूपे वेगळी केली. युरो क्षेत्रातील कर्जसंकटाने दुसऱ्या रूपालाही धक्का दिला : 5 जुलै 2015 रोजी 61 टक्के ग्रीक मतदारांनी धनकोंच्या अटी नाकारल्या; आठच दिवसांनी त्यांच्याच सरकारने काटकसरीच्या नव्या कराराला होकार दिला.

अलीकडील स्थिती : 2014 मध्ये विजयी गटाचे प्रमुख उमेदवार झाँ-क्लोद युंकर आयोगाध्यक्ष झाले. 2019 मध्ये त्याच गटाचे प्रमुख उमेदवार मानफ्रेड वेबर यांना डावलून सरकारप्रमुखांनी निवडणुकीच्या रिंगणातच नसलेल्या उर्सुला फॉन डेर लायेन यांना पुढे केले. 2024 मध्ये त्या आपल्या गटाच्या प्रमुख उमेदवार होत्या. 2019 आणि 2024 या दोन्ही निवडणुकांत मतदान जेमतेम निम्म्यावर पोहोचले.